कीटकजन्य रोगांचा प्रसार, पर्यावरणीय घटक आणि उपग्रहीय नकाशांकन : कोन (ता. पनवेल, जि. रायगड) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

डास, वाळूमाशी, पिसू यांसारख्या कीटकांच्या दंशातून माणसात संक्रमित होणाऱ्या रोगांना कीटकजन्य रोग असे म्हणतात. हिवताप, डेंगी, चिकुनगुन्या, हत्तीरोग, जपानी मेंदूज्वर आणि काळा आजार हे भारतातील प्रमुख कीटकजन्य रोग होत. महाराष्ट्राचा या रोगांच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १८९८ मध्ये, कराची येथे काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने पिसू ही प्लेगची वाहक असल्याचे प्रयोगाने दाखविले. १९६५ मध्ये नागपूर परिसरातील चंडिपुरा येथील रुग्णांच्या रक्तातून वेगळा केलेला विषाणू आजही त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. जुलै २०२१ मध्ये राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण पुणे जिल्ह्यातील बेलसर येथे आढळला.

या रोगांचे एक समान वैशिष्ट्य असे की, रोगजंतू, वाहक कीटक आणि माणूस हे तीनही घटक एकाच जागी व एकाच काळात एकत्र आल्याशिवाय रोगाचा प्रसार होत नाही. ती जागा आणि तो काळ हे तपमान, पाऊस, पाणी, वनस्पती व मानवी वस्ती यांवर अवलंबून असतात. त्यामुळे हा विषय वैद्यकशास्त्राइतकाच भूगोल, प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र व समाजशास्त्राचाही ठरतो. गेल्या सुमारे चार दशकांत उपग्रहीय दूरसंवेदन आणि भौगोलिक माहिती प्रणाली यांच्या साहाय्याने रोगप्रसारास अनुकूल असणारे प्रदेश शोधण्याचे प्रयत्न जगभर झाले. या साधनांच्या बळावर नेमके काय कळते, काय कळत नाही, आणि कोनसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या गावात त्यांचा उपयोग कसा व्हावा, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचे परजीवी पाहिले आणि हिवतापाच्या अभ्यासाचे केंद्र रुग्णाकडून त्याच्या परिसराकडे सरकले. सी. ए. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा शोध घेऊन १९११ मध्ये जो अहवाल सादर केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शहरातील हिवतापाचे मूळ दलदलीत नसून घरोघरीच्या विहिरी व पाण्याची टाकी यांत आहे आणि तेथे वाढणारा अॅनॉफिलिस स्टीफेन्साय हा डास त्याचा वाहक आहे, असे त्यांनी दाखवून दिले. रोगाचे उगमस्थान कोणते हे ठरविण्यासाठी पाणवठ्यांची जागेवर जाऊन नोंद घेणे, ही पद्धत येथे स्पष्टपणे दिसते.

याच काळात पंजाबात हिवतापाच्या साथींचा अभ्यास चालू होता. एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साथीच्या तीव्रतेचा संबंध पावसाबरोबरच धान्याच्या महागाईशीही जोडला. पुढे सी. ए. गिल यांनी १९२०च्या दशकात पावसाचे प्रमाण, मुलांमधील प्लीहावृद्धीचे प्रमाण आणि आर्थिक परिस्थिती यांच्या आधारे साथीचा पूर्वअंदाज वर्तविण्याची पद्धत विकसित केली. पर्यावरणीय निरीक्षणांवरून साथीचे भाकीत करण्याचा हा जगातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. या प्रयत्नात पावसाच्या जोडीला धान्याचा भाव होता, ही बाब आजच्या अभ्यासकांनी विसरू नये अशी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या वापराने परिस्थिती पालटली. १९४६ च्या सुमारास तत्कालीन मुंबई प्रांतातील धारवाड व कानडा जिल्ह्यांत डी. के. विश्वनाथन् यांच्या नेतृत्वाखाली घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारणीचे यशस्वी प्रयोग झाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व त्यात सुमारे आठ लाख मृत्यू होत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि १९६१ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे ५० हजारांवर आली. परंतु १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. डासांमध्ये निर्माण झालेली कीटकनाशक-प्रतिकारशक्ती, शहरांकडे झालेले दुर्लक्ष आणि सर्वेक्षणातील शैथिल्य ही या पुनरागमनाची प्रमुख कारणे मानली जातात. विशेष म्हणजे, या लढ्यातील डीडीटी व मॅलॅथिऑन ही दोन्ही रसायने कोनपासून जवळच असलेल्या रसायनी येथील हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात दीर्घकाळ तयार होत असत. रासायनिक साधन हाताशी असले तरी ते कोठे व केव्हा वापरावे याची माहिती नसेल तर यश टिकत नाही, हा १९७६ चा धडा आहे. नकाशांकनाची गरज येथूनच निर्माण होते.

रोगप्रसारावर प्रभाव टाकणारे पर्यावरणीय घटक

(अ) तपमान : डास हा शीतरक्ताचा प्राणी असल्याने त्याच्या शरीरातील परजीवीची वाढ बाहेरील तपमानावर अवलंबून असते. मॉश्कोव्स्की व देतिनोवा यांच्या कार्यातून रूढ झालेल्या सूत्रानुसार व्हायव्हॅक्स परजीवीला डासाच्या शरीरात परिपक्व होण्यास लागणारे दिवस काढण्यासाठी १०५ या संख्येला, सरासरी तपमानातून १४.५ वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे लागते. फाल्सिपॅरमसाठी या संख्या अनुक्रमे १११ व १६ अशा आहेत. यानुसार २० अंश सेल्सिअसला व्हायव्हॅक्सला सुमारे १९ दिवस, २५ अंशांना १० दिवस व २८ अंशांना सुमारे ८ दिवस लागतात.

या फरकाचे महत्त्व डासाच्या आयुर्मानाशी जोडून पाहिल्यास लक्षात येते. दररोज ९० टक्के डास जिवंत राहतात असे गृहीत धरले, तर १० दिवसांनंतर सुमारे ३५ टक्के आणि २० दिवसांनंतर केवळ १२ टक्के डास शिल्लक राहतात. हेच दैनिक प्रमाण ८० टक्के धरल्यास १० दिवसांनंतर जेमतेम ११ टक्के आणि २० दिवसांनंतर सुमारे १ टक्का डास उरतात. म्हणजेच तपमानातील पाच अंशांचा फरक किंवा डासाच्या आयुष्यातील अल्पशी घट रोगप्रसाराची शक्यता कितीतरी पटींनी बदलते. मात्र तपमान जितके जास्त तितका धोका अधिक, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. अतिउष्ण व कोरड्या हवेत डासांचे आयुष्य घटते आणि प्रसार मंदावतो.

(आ) पर्जन्य व आर्द्रता : पावसामुळे डासांच्या अळ्यांना पाणी मिळते व आर्द्रतेमुळे प्रौढ डासांचे आयुष्य वाढते. परंतु पाऊस व रोग यांचे नाते सरळ रेषेचे नाही. कोकणातील मुसळधार पावसात ओहोळांतील व डबक्यांतील अळ्या वाहून जातात. पावसाची उघडीप आणि पावसाळ्यानंतरचे आठवडे हे डासोत्पत्तीस अधिक अनुकूल ठरतात. याउलट एडिस इजिप्ती हा डेंगीचा डास भांड्यांच्या कडेला अंडी घालतो. ती अंडी कोरड्या अवस्थेत अनेक महिने टिकतात व पाणी मिळताच उबतात. त्यामुळे पाणीटंचाईच्या काळात घरोघरी पाणी साठविले जाते, तेव्हाही डेंगीचा धोका असतो.

(इ) भूमी उपयोजन : वाहकांच्या निरनिराळ्या जाती निरनिराळ्या पाण्यात वाढतात. अॅनॉफिलिस फ्लुव्हिएटिलिस सह्याद्रीच्या पायथ्याच्या संथ, स्वच्छ ओहोळांत आढळतो. अॅनॉफिलिस क्युलिसीफेसीस नव्याने लावलेल्या भातखाचरांत वाढतो आणि रोपे उंच होऊन पाण्यावर सावली पडू लागली की तेथील त्याचे प्रमाण घटते. जपानी मेंदूज्वराचा वाहक क्युलेक्स ट्रायटीनिओऱ्हिंकस भातशेतीशीच निगडित आहे. हत्तीरोगाचा वाहक क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस गटारांच्या घाण पाण्यात, तर अॅनॉफिलिस स्टीफेन्साय व एडिस इजिप्ती हे टाक्या, पिंपे, टायर व बांधकामावरील साठवणीच्या पाण्यात वाढतात. परिणामी शेतीचे रूपांतर इमारतींत झाले म्हणून कीटकजन्य रोग संपत नाहीत. एका वाहकाची जागा दुसरा घेतो आणि रोगाचे स्वरूप बदलते. गोव्यात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजी आणि पुढे कांदोळी-कळंगुटच्या किनारपट्टीत बांधकामांच्या वाढीबरोबर हिवताप कसा पसरला, हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे बांधकाम मजुरांची रक्ततपासणी व आरोग्यपत्रिका यांना कायद्याचा आधार द्यावा लागला. मुंबईतही २०१० मध्ये हिवतापाचे ७५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्या साथीच्या संदर्भात बांधकामस्थळांवरील डासोत्पत्तीकडे विशेष लक्ष वेधले गेले.

उपग्रहीय निरीक्षणाचे तत्त्व

उपग्रहाला डास दिसत नाही, परजीवीही दिसत नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून परावर्तित वा उत्सर्जित होणाऱ्या प्रारणांची तो निरनिराळ्या तरंगलांबींत नोंद करतो. त्यावरून डासांना अनुकूल अशा स्थितीचे अनुमान काढले जाते. हे अनुमान पुढील प्रमुख मापनांवर आधारलेले असते.

हिरवी वनस्पती लाल प्रकाश शोषून घेते व निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंमधील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले असता वनस्पती निर्देशांक मिळतो. त्याचे मूल्य उणे १ ते अधिक १ यांदरम्यान असते. पाणी निकट-अवरक्त प्रकाश शोषून घेत असल्याने हिरव्या व निकट-अवरक्त पट्ट्यांवरून जल निर्देशांक काढता येतो. औष्णिक पट्ट्यांवरून भूपृष्ठाचे तपमान समजते. रडार प्रतिमांमध्ये संथ पाण्याचा पृष्ठभाग काळा दिसतो, कारण गुळगुळीत पृष्ठावरून रडारचे तरंग दुसरीकडे परावर्तित होतात व उपग्रहाकडे परतत नाहीत.

भारताने १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा आपला पहिला कार्यरत दूरसंवेदन उपग्रह अवकाशात सोडला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. लँडसॅट मालिकेच्या प्रतिमा २००८ पासून विनामूल्य मिळू लागल्या. युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटर विभेदनक्षमतेच्या प्रतिमाही विनाशुल्क उपलब्ध आहेत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झालेला निसार हा भारत-अमेरिका संयुक्त रडार उपग्रह बारा दिवसांच्या अंतराने त्याच भूभागाचे निरीक्षण करण्यासाठी बनविलेला आहे. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयालाही आज जी सामग्री सहज मिळू शकते, ती १९९०च्या दशकात मोठ्या संस्थांनाही दुर्मिळ होती.

पूर्वानुभवांचा आढावा

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील नासाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातील भातशेतीवर केलेला अभ्यास या क्षेत्रातील पायाभूत मानला जातो. ज्या शेतांत भात लवकर हिरवे होते व ज्यांच्या जवळ गुरांची कुरणे आहेत, तेथे हिवतापवाहक डास अधिक तयार होतात, असे त्यात आढळले. डासांची संख्या शिगेला पोहोचण्यापूर्वी सुमारे दोन महिने अशी शेते ८५ टक्के अचूकतेने ओळखता आली. त्यानंतर मेक्सिकोतील चियापास राज्यात दलदलीच्या व कुरणांच्या क्षेत्रफळावरून अधिक डासांची व कमी डासांची गावे वेगळी करण्यात आली. पूर्व आफ्रिकेतील रिफ्ट व्हॅली ज्वराबाबत समुद्रपृष्ठाचे तपमान व वनस्पती निर्देशांक यांच्या आधारे २००६-०७ च्या साथीची सूचना काही आठवडे आधी देता आली.

भारतात राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्थेने (तेव्हाचे मलेरिया संशोधन केंद्र) १९९०च्या दशकात गुजरातमधील खेडा जिल्ह्यात भूजलपातळी, मृदाप्रकार, सिंचन व भूरूपे यांचे थर भौगोलिक माहिती प्रणालीत एकावर एक ठेवून हिवतापाच्या प्रमाणातील फरकांचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला. दिल्ली परिसरातील डासोत्पत्तीची स्थाने भारतीय उपग्रहांच्या प्रतिमांवरून शोधता येतील काय, याचीही चाचणी याच काळात घेण्यात आली. पुदुच्चेरी येथील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने तामिळनाडूत हत्तीरोगाच्या जोखमीचे प्रदेश ठरविण्यासाठी उंची, तपमान, पाऊस, आर्द्रता व माती यांचा एकत्रित विचार केला.

या सर्व अभ्यासांत एक साम्य आहे. ते ग्रामीण वा विस्तीर्ण भूप्रदेशांवर यशस्वी झाले. तेथे डासांची उत्पत्तिस्थाने मोठी होती व वर्षानुवर्षे जागच्या जागी राहणारी होती. कोनची स्थिती तशी नाही.

कोन परिसर : एक संक्रमणशील भूप्रदेश

कोन हे पनवेल शहराच्या आग्नेयेस, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत वसलेले गाव आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो व त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. परिसराची भूरचना बेसाल्ट खडकाची आहे. दक्षिणेस पाताळगंगा नदी वाहते. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी तिला मिळत असल्याने ती उन्हाळ्यातही वाहती राहते. पावसाळी भातशेती, टेकड्यांचे उतार, ओहोळ व दगडखाणी ही या भागातील पारंपरिक भूदृश्ये होत.

गेल्या काही दशकांत या भूदृश्यावर नवे थर चढले. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, रसायनी-पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र, गोदामे, गृहसंकुले आणि पनवेलच्या पश्चिमेस ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमुळे संपूर्ण तालुक्यात भराव, खोदाई व बांधकाम यांचे प्रमाण वाढले. विमानतळासाठी उलवे टेकडी कापण्यात आली व उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. कोन येथे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या योजनेतील बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील घरांसाठी डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगार व त्यांच्या वारसांकरिता सोडत निघाली. कोविडच्या काळात याच इमारतींचा उपयोग विलगीकरणासाठी झाला.

अशा परिसरात तीन प्रकारची पाण्याची स्थाने एकमेकांशेजारी असतात. पहिल्या प्रकारात भातखाचरे, ओहोळ व नदीकाठची डबकी येतात. दुसऱ्या प्रकारात खाणींचे खड्डे, भरावामुळे अडलेले नाले व रस्त्याकडेचे साचलेले पाणी येते. तिसऱ्या प्रकारात इमारतींवरील टाक्या, उद्वाहनाचे खड्डे, स्लॅबवर साठविलेले पाणी, पिंपे आणि टायर येतात. पहिल्या दोन प्रकारांचे बरेचसे चित्र उपग्रहातून मिळू शकते. तिसरा प्रकार मात्र बहुधा त्याच्या नजरेबाहेर राहतो आणि डेंगी व शहरी हिवताप यांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

हा मुद्दा आकड्यांनी स्पष्ट होईल. लँडसॅटच्या प्रतिमेतील एक चौकट ९०० चौरस मीटरची, सेंटिनेल-२ ची १०० चौरस मीटरची, तर भारतीय रिसोर्ससॅटवरील लिस-४ संवेदकाची सुमारे ३४ चौरस मीटरची असते. दोनशे लिटरच्या पिंपाचे तोंड जेमतेम पाव चौरस मीटरहून थोडे मोठे असते. सेंटिनेलच्या एका चौकटीत अशा साडेतीनशे पिंपांच्या तोंडांइतके क्षेत्रफळ सामावते. त्या चौकटीतील एका उघड्या पिंपात शेकडो अळ्या असल्या, तरी चौकटीचा रंग बदलत नाही.

नकाशांकनातील मर्यादा

पहिली मर्यादा ढगांची आहे. कोकणात डासोत्पत्तीच्या ऐन काळात आकाश झाकलेले असते. लँडसॅटचा एक उपग्रह सोळा दिवसांनी त्याच ठिकाणावरून जातो, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांत सात-आठ फेऱ्या होतात व त्यांतील बहुतेक प्रतिमा ढगाळ निघतात. रडार उपग्रह ढगांपलीकडचे पाहू शकतात, परंतु गुळगुळीत डांबरी पृष्ठ, ओला चिखल व टेकडीची रडारछाया हीदेखील त्यांच्या प्रतिमेत पाण्यासारखी काळी दिसू शकतात. भातरोपे वाढल्यावर खाचरातील पाणी रडारलाही स्पष्ट दिसेनासे होते. प्रत्यक्ष स्थळपाहणीविना या गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

दुसरी मर्यादा रुग्णाच्या पत्त्याची आहे. नकाशावर रुग्णाचे बिंदू त्याच्या निवासस्थानी मांडले जातात. प्रत्यक्षात संसर्ग कामाच्या ठिकाणी, प्रवासात वा मूळ गावी झालेला असू शकतो. व्हायव्हॅक्स परजीवी यकृतात सुप्त राहतो व अनेक महिन्यांनी पुन्हा ज्वर आणतो. त्यामुळे कोनमध्ये निदान झालेला प्रत्येक रुग्ण कोनमध्येच बाधित झाला असे मानता येत नाही. रुग्णांचा नकाशा आणि संक्रमणाचा नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी मर्यादा नोंदींची आहे. खासगी दवाखान्यात उपचार घेणारे अनेक रुग्ण शासकीय आकडेवारीत येत नाहीत. जेथे रक्ततपासणी अधिक, तेथे रुग्ण अधिक दिसतात. उत्तम काम करणाऱ्या उपकेंद्राचे गाव नकाशावर सर्वाधिक लाल दिसण्याचा धोका यातून निर्माण होतो.

चौथी मर्यादा लोकसंख्येची आहे आणि कोनसाठी ती विशेष गंभीर आहे. वार्षिक परजीवी निर्देशांक हा दर हजार लोकसंख्येमागे काढला जातो. २०११ नंतर २०२१ मध्ये होणारी जनगणना पुढे ढकलली गेली. मधल्या काळात येथे बहुमजली संकुले उभी राहिली, कामगारांच्या वस्त्या आल्या व गेल्या. जुना भाजक वापरल्यास नव्याने वाढलेल्या गावाचा दर अवास्तव मोठा निघतो, तर अंदाजाने मोठा भाजक धरल्यास खरा धोका झाकला जातो. बांधकामावर तात्पुरत्या शेडमध्ये राहणारा मजूर अनेकदा मतदार यादीत नसतो, शिधापत्रिकेवर नसतो आणि आरोग्यसेवकाच्या घरयादीतही नसतो. ज्याला डास चावण्याची शक्यता सर्वाधिक आहे, तोच नकाशावर नसतो. येथे मात्र उपग्रह एक उपयुक्त काम करू शकतो. एकापाठोपाठच्या प्रतिमांची तुलना करून नव्या इमारती, भराव व शेडच्या वस्त्या ओळखता येतात आणि त्यांची यादी आरोग्य यंत्रणेला देता येते.

पाचवी मर्यादा अनुमानाची आहे. गावपातळीवर वनस्पती निर्देशांक व हिवताप यांत सहसंबंध आढळला, म्हणून हिरवाईजवळ राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस धोका अधिक आहे असे सिद्ध होत नाही. समूहाच्या निष्कर्षाचे व्यक्तीवर असे आरोपण करणे हा संख्याशास्त्रातील सुपरिचित दोष आहे.

उपयोजनाची दिशा

वरील मर्यादा लक्षात घेता उपग्रह हा तपासणी कोठे करावी हे सुचविणारा साहाय्यक आहे, तपासणीचा पर्याय नाही, अशी भूमिका घेणे योग्य ठरते. कोन परिसरासाठी ही विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल.

पावसाळ्यापूर्वीच्या निरभ्र प्रतिमांवरून खाणी, तळी, नाले, नवी बांधकामे व वस्त्या यांचा मूळ नकाशा तयार करावा. पावसाळ्यात रडार प्रतिमांवरून साचलेल्या पाण्यातील बदल पाहावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश मोकळे होताच टिकून राहिलेल्या पाण्याचे स्थान पुन्हा नोंदवावे. हेच पाणी पावसाळ्यानंतरच्या प्रसाराचा आधार असते. या नकाशावरून निवडलेल्या ठिकाणी अळ्यांचे प्रत्यक्ष सर्वेक्षण व्हावे. डेंगीसाठी तपासलेल्या दर शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या आढळल्या हा गृह निर्देशांक, आणि दर शंभर घरांमागे अळ्या असलेली किती भांडी आढळली हा ब्रेटो निर्देशांक काढावा. खाणीतील पाण्यात गप्पी मासे सोडणे, टाक्यांना घट्ट झाकणे बसविणे, आठवड्यातून एक दिवस साठवणीची भांडी कोरडी करणे हे उपाय जुनेच आहेत. ते कोणत्या ठिकाणी आधी करावेत हे नकाशा सांगू शकतो.

वेळेचे गणितही येथे उपयोगी पडते. अळीपासून प्रौढ डास होण्यास सुमारे एक ते दीड आठवडा, डासाच्या शरीरात परजीवी परिपक्व होण्यास कोकणातील तपमानात आठ ते दहा दिवस आणि बाधित माणसात लक्षणे दिसण्यास साधारणतः दोन आठवडे लागतात. यात डासाला बाधित रुग्ण मिळण्याचा काळ मिळविल्यास अनुकूल पाऊस व रुग्णवाढ यांत चार ते सहा आठवड्यांचे अंतर पडते. रुग्ण वाढल्यावर फवारणी करणे म्हणजे महिन्यापूर्वीच्या घटनेला उत्तर देणे होय. पाऊस व साचलेले पाणी यांवर लक्ष ठेवल्यास हा महिना हाती येतो.

या कामात महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. भूगोल विभागाने प्रतिमांचे वर्गीकरण करावे, प्राणिशास्त्र विभागाने अळ्यांची जातवार ओळख पटवावी, संख्याशास्त्र विभागाने नमुनानिवड व विश्लेषण पाहावे आणि समाजशास्त्र विभागाने स्थलांतरित कामगारांची राहणी, पाणी साठविण्याच्या सवयी व उपचारांचे मार्ग अभ्यासावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडून घरोघरीचे सर्वेक्षण होऊ शकते. मात्र अशा माहितीच्या वापरात रुग्णाचे नाव व घर नकाशावर उघड होणार नाही याची दक्षता घेणे आवश्यक आहे. एखादी वस्ती ‘रोगाची वस्ती’ म्हणून रंगविली गेली, तर तेथील मजूर ताप लपवू लागतात आणि नकाशाच खोटा ठरतो.

निष्कर्ष

१. कीटकजन्य रोगांच्या प्रसारात तपमान, पाऊस व भूमी उपयोजन यांचा प्रभाव निर्णायक असला, तरी तो सरळ रेषेत नसतो. वाहकाच्या जातीनुसार एकाच घटकाचा परिणाम वेगळा होतो.

२. उपग्रहीय नकाशांकन भातखाचरे, खाणी, साचलेले पाणी व नवी बांधकामे यांसाठी उपयुक्त आहे. घरगुती व इमारतींतील पाणीसाठ्यांसाठी प्रत्यक्ष पाहणीस पर्याय नाही.

३. कोनसारख्या संक्रमणशील परिसरात ग्रामीण व शहरी अशा दोन्ही प्रकारचे वाहक एकत्र संभवतात. त्यामुळे केवळ ग्रामीण वा केवळ नागरी नियंत्रण योजना तेथे अपुरी पडते.

४. भारताने हिवताप निर्मूलनासाठी २०१६ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय आराखड्यात २०३० हे वर्ष उद्दिष्ट म्हणून ठेवले आहे. रुग्णसंख्या जसजशी घटते, तसतसे उरलेले रुग्ण सीमावर्ती, अस्थिर व नोंदीबाहेरच्या वस्त्यांत एकवटतात. अशा वस्त्या शोधण्यास उपग्रहाची मदत घेणे आणि तेथपर्यंत आरोग्यसेवक व आशा कार्यकर्ती पोहोचतील अशी व्यवस्था करणे, ही दोन्ही कामे एकत्र झाली तरच नकाशाचे सार्थक होईल.

५. शंभर वर्षांपूर्वी पंजाबातील पूर्वअंदाजात पावसाबरोबर धान्याचा भाव विचारात घेतला गेला होता. आजच्या नकाशातही पाणी व हिरवाई यांच्या थरांसोबत निवारा, रोजगार व उपचारांची उपलब्धता यांचा थर असणे तितकेच आवश्यक आहे.